एकाच बाजूचं गाणं

धरणगाव,
संक्रांतीचा आदला दिवस

प्रिय प्रेमराज,

सकाळपासून हे पत्र दोन-तीनदा सुरू केलं. आधी 'तब्येत कशी आहे' असं लिहिलं आणि कागद चुरगाळला, कारण तब्येत कशी आहे ते मला ठाऊक आहे. मग देवाचं नाव घेऊन सुरुवात केली, तर पत्र उपदेशाकडे वळायला लागलं. उठलो, गाईला पाणी दाखवलं, परत येऊन बसलो. माय ओट्यावर तीळ निवडते आहे. मला सारखं उठताना पाहून म्हणाली, "हिलाल, बूड टेकी बस ना रे. काय सारखा फिरी ऱ्हायना?" तिचं बरोबर आहे. आठवडा झाला, मला एका जागी बसवत नाही. जिनिंगमध्ये कापसाची गाडी खाली होत असते आणि मी गाडीकडे बघत भलताच विचार करत उभा असतो. देवापुढे बसलो तरी तेच. तोंडात नाव चालू असतं, मन धुळ्यातल्या आपल्या कॉलेजच्या दिवसांतल्या देवपूरच्या खोलीत.

मोबाईलवर लिहिलं असतं, पण तू तो कपाटात टाकून दिलास असं सारिकावहिनींनी सांगितलं. निदान कागद तरी हातात घेशील. आपल्या जिनिंगचा ड्रायव्हर वना उद्या धुळ्याला येतो आहे, त्याच्या हाती देतो. वहिनींनी आणखीही सांगितलं. नाशिकच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती, ती तू परत केलीस. मेंदूज्वरानं कान गेले की आतली पोकळी हळूहळू हाडानं भरत जाते, मग यंत्राची तार घालायला वाटच उरत नाही, म्हणून या महिन्यात करून घ्या असं ते म्हणत होते. माणसांचं बोलणं समजेल, सरावानं फोनही घेता येईल, पण गाणं पूर्वीसारखं वाजणार नाही, पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटेल, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. आणि तू घरी येऊन वहिनींच्या पाटीवर लिहिलंस, 'गाणं येणार नसेल तर मला काही नको.' त्यावर मी आत्ता काही बोलत नाही. तू चिडशील आणि कागद बाजूला ठेवशील. मला आधी दुसरंच सांगायचं आहे.

गेल्या आठवड्यात जळगावला गेलो होतो. आमच्या जिनिंगच्या मालकाचा, नेमीचंदशेठचा मुलगा रोनक तिथे राहतो, त्याला कापसाचे नमुने दाखवायचे होते. पोरगा मोठा हौशी. नव्या बंगल्यात वरच्या मजल्यावर त्यानं नुसतं गाणी ऐकायची खोली केली आहे. खिडकी नाही, भिंतींना जाड कापड, आणि समोर, बाजूला, मागे, सगळीकडे आवाजाचे डबे. मध्ये एक कोच. मला म्हणाला, "बसा काका. भजन लावू? असं वाटेल की देव शेजारी येऊन बसलाय." मी म्हटलं, "तो बसलेलाच असतो. तू इंग्रजी लाव." त्यानं माझ्या टोपीकडे पाहिलं, गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे पाहिलं. म्हणाला, "काका, आप? इंग्रजी?" मग मी त्याला आपल्या त्या बँडचं नाव सांगितलं. त्यानं मोबाईलवर बोट फिरवलं आणि समोरच्या पडद्यावर चित्र आलं. प्रेमराज, तीच. निळ्या वाळवंटात ठेवलेली रिकामी खुर्ची.

मला ती एवढी मोठी कधी दिसलीच नव्हती. आपल्या कॅसेटच्या कागदावर ती खुर्ची नखाएवढी होती, आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत तू तिला बाज म्हणत होतास. धुळ्याच्या स्टँडबाहेरच्या गाडीवरून आपण ती कॅसेट घेतली ती नाचायची गाणी असतील म्हणून. पहिल्या गाण्यावर तू नाचायला उभा राहिलास आणि तसाच उभा राहिलास. नाचता येईना, बसवेना. इंग्रजी आपल्याला कितीसं कळत होतं! पाचवीपासून शिकलेलं, तेही गुरुजींनी मराठीतून शिकवलेलं. तरी त्या माणसाच्या आवाजात काहीतरी हरवलं आहे आणि तो ते शोधतो आहे, एवढं आपल्याला पहिल्याच दिवशी समजलं होतं. तू गावाला आमच्याकडे सुट्टीत आलास तेव्हा ती कॅसेट लावली होती, तर माय विचारत होती, "इंग्रज बी भजन करतस का रे?" तू म्हणालास, "हा ना माय, फक्त प्रसाद देत नाही."

आणि तो टेप! चोपड्याच्या तुझ्या मामानं दिलेला. केळीच्या वखारीत पडून होता, उजव्या स्पीकरचं तोंड उंदरांनी कुरतडून टाकलं होतं. डावा मात्र ठणठणीत. आपल्याला त्याचं काही वाटलं नाही. वाजतो ना, मग झालं. उजव्या बाजूच्या भोकात तू अगरबत्तीचा पुडा आणि काडेपेटी ठेवायचास.

त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं तुला वेगळं आठवून द्यायला नको. गिटार चढत चढत जाते, आता फाटेल की काय असं वाटतं, आणि एकदम थांबते. गाणारा थांबतो. मागे फक्त ढोलाचा हलका ठोका राहतो, दारावर कुणी बोटानं टकटक करत उभं असावं तसा. बराच वेळ नुसता ठोका. मग गिटार परत येते. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला वाटलं टेप अडकला. तू माझा हात धरलास. म्हणालास, "बुवानं ओळ सोडी दिन्ही. उचल." आपण ज्या गावांत वाढलो तिथे हेच शिकलो होतो ना. भजनात बुवा ओळ अर्ध्यावर सोडतो ती मागच्या टाळकऱ्यांनी उचलायची असते. तो थांबला म्हणजे आपली पाळी. इंग्रजी गाण्यात तसं नसतं हे सांगायला कोण होतं? तू डोळे मिटलेस आणि सूर लावलास, "ये ना भो, ये ना…" मी बादली उपडी घातली आणि ठोक्याला ठोका मिळवला. दुसरे शब्द आपल्याला कधी सुचले नाहीत, आणि लागलेही नाहीत.

घरमालकीण कमलबाई खालून ओरडायच्या, "कोणले बलाई ऱ्हायनात रे पोरेहो?" एकदा तर खरंच कुणी पाहुणा आलाय असं समजून ताटात दोन भाकरी जास्त घेऊन जिना चढून आल्या. "पाहुणा कथा शे?" तू टेपकडे बोट दाखवलंस. त्यांनी टेपकडे पाहिलं, आपल्याकडे पाहिलं, आणि भाकरी परत न नेता ठेवून गेल्या.

हे सगळं मनात घेऊन मी रोनकच्या कोचावर बसलो होतो. गाणी सुरू झाली आणि सांगतो, मी घाबरलो. ढोल समोर, गिटार खांद्याजवळून जाते, जमिनीतून काहीतरी घुमत पायांत येतं. जिनिंगची यंत्रंही चहूकडून वाजतात, पण तो गोंगाट. इथे प्रत्येक आवाजाला स्वतःची जागा होती, आणि मी सगळ्यांच्या मधोमध. आपण वर्षानुवर्षं ज्या घराच्या एका खिडकीतून आत बघत होतो, त्या घरात मला कुणीतरी आणून बसवलं होतं. डोळ्यांत पाणी आलं. रोनकला दिसू नये म्हणून चष्मा पुसला.

चौथं गाणं आलं. गिटार चढली. माझी बोटं आपोआप कोचाच्या हातावर गेली, ठोका धरायला. गिटार थांबली, गाणारा थांबला, ठोका सुरू झाला. मी श्वास घेतला. आणि माझ्या मागून, उजव्या बाजूनं, दुसराच एक माणूस गायला लागला.

मी मान वळवून मागे पाहिलं. कुणी नव्हतं. उठलो, कोचाच्या मागे जाऊन पाहिलं. रोनक हसून हसून वाकला. "काका, मागे कोणी नाही. डबा आहे." मी म्हटलं, "हा कोण? हा नव्हता आधी. यांनी नंतर घातला." तो म्हणाला, "नाही काका, पहिल्यापासूनच आहे. जुन्यात तो पूर्ण उजव्या बाजूला होता, आता मागे आणलाय. तुम्ही कशावर ऐकायचात?" मी त्याला टेपचं सांगितलं, अगरबत्तीच्या पुड्याचं सांगितलं. मग तो हसला नाही. हळूच म्हणाला, "म्हणजे तुम्ही अर्धंच ऐकलं, काका."

प्रेमराज, तो दुसरा माणूस फार सुंदर गातो. हलक्या आवाजात, बारीक गिटारीबरोबर, पहिल्यानं विचारलेलं सगळं उत्तरासारखं परत देतो. मी रोनकला ते परत लावायला सांगितलं, आणि परत. दर वेळी सुंदर, आणि दर वेळी मी मान वळवून मागे बघायचो. जी जागा आपल्यासाठी सोडली आहे असं आपण समजत होतो, ती कधी रिकामी नव्हतीच. जगातल्या सगळ्यांनी तो माणूस ऐकला होता. आपण दोघंच तेवढे त्याच्या तोंडावर आपलं 'ये ना भो' म्हणत बसलो होतो. नमुने रोनकच्या टेबलावर तसेच राहिले, आणि मी बसमध्ये बसलो.

तेव्हापासून ही अशी तगमग. कुणाला सांगायची? पन्नाशीला आलेला माणूस गाण्यातल्या रिकाम्या जागेसाठी झुरतो म्हटलं तर लोक काय म्हणतील? दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मुक्ताईनगरला गेलो. मुक्ताई आईसाहेबांपुढे उभं राहून तुझ्यासाठी काही मागायचं असं ठरवून गेलो होतो. रांगेत तुझ्या कानांसाठी मागू म्हणत होतो, पुढे गेलो तेव्हा वाटलं तुझा हट्ट सुटावा असं मागावं, आणि शेवटी हात जोडून नुसताच बाहेर आलो. सभामंडपात भजन चाललं होतं, तिथे मध्ये जाऊन बसलो. डावीकडे टाळ, मागे मृदंग, समोर बुवा. बुवांनी ओळ सोडली आणि माझ्या चहूबाजूंनी ती उचलली गेली. रोनकच्या खोलीसारखंच अगदी. घरी येऊन मायला हे सांगितलं तर ती म्हणते, "आते त्यानासाठे जयगावले गयता का तू? आपला देऊळमा बठ्ठीकडथूनच वाजस." देवळात चहूकडूनच वाजतं हे तिचं खरं होतं, मी जेवायला बसलो. पण जेवताना घास हातात राहिला. भजनात ओळ उचलणारे पुष्कळ असतात. म्हणून कुणी रिकामी जागा आधीच भरली तरी आपला सूर वाया जात नाही, तो त्यांच्यात मिसळतो. मग त्या दुसऱ्या माणसाचा मला एवढा राग का यावा? आपणही तिथे होतोच ना, त्याच्या शेजारी, त्याला न दिसता?

परवा दुपारी परत जळगावला गेलो. रोनकला वाटलं नमुन्यांसाठी आलो. मी म्हटलं, "तेच गाणं लाव. पण समोरचा डावा डबा सोडून बाकीचे बंद कर. आणि ते जुनं असेल ना, पहिलंवालं, ते लाव." तो बघतच राहिला. "काका, लोक इथे आवाज वाढवायला सांगतात, तुम्ही बंद करायला आलात. मग हे बठ्ठं घेतलं कशाला मी?" त्याच्या तोंडी 'सगळं'ऐवजी 'बठ्ठं' ऐकून तुला हसू येईल. शेठचा मुलगा, पण धरणगावात वाढलेला आहे. शेवटी केलं त्यानं. तो लांबचलांब खोलीभर पसरलेला आवाज आवळत गेला आणि एका डब्यात येऊन बसला. बारीक झाला. थोडा किरटा झाला. आणि आपला झाला. तो थेट देवपूरचा आवाज होता, नुसता अगरबत्तीचा वास तेवढा नव्हता.

गिटार थांबली. ठोका सुरू झाला. मागे कुणी नाही. ती जागा तिथेच होती, जशी आपण सोडून आलो होतो तशी.

मी गायलो. तुझी ओळ मी कधी गायलो नव्हतो, मी बादलीवाला. पण त्या दिवशी तू नव्हतास, म्हणून मी गायलो, "ये ना भो, ये ना…" चांगलं मोठ्यानं. माझा आवाज तुला माहीत आहे. रोनकच्या आई, प्रेमकुंवरबाई, चहा घेऊन जिना चढत होत्या, त्या दारातच थांबल्या. म्हणाल्या, "हिलालभाऊ, कुणाला बोलावताय?" अगदी कमलबाईंसारख्या. मी सांगितलं, "धुळ्याला एक जण आहे." त्या म्हणाल्या, "मग फोन करा ना." मी म्हटलं, "तिथेच तर अडलं आहे." त्यांनी चहा ठेवला आणि त्या जिना उतरून गेल्या.

डिसेंबरात मी तुझ्याकडे आलो होतो, तेव्हाचं मला विसरता येत नाही. तू खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला होतास. मी समोर येऊन बोललो तर तू माझ्या ओठांकडेही बघेनास. दुकानात दुरुस्तीला आलेल्या पंपांच्या मोटारी तशाच उघड्या पडल्या होत्या. पूर्वी तुझ्या गल्लीत शिरलं की तार गुंडाळायच्या वाइंडिंग यंत्राच्या घरघरीवर तुझं गाणं ऐकू यायचं, पत्ता विचारावा लागत नसे. आता तू बोलतही नाहीस. वहिनी म्हणाल्या, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तोंड उघडायची लाज वाटते त्यांना. जेवायला वाढलं तेव्हा तू हात आडवा धरून पुरे अशी खूण केलीस, त्या हातावर मी माझा हात ठेवला, तू तो काढून घेतलास. येताना बसमध्ये मला वाटत राहिलं, हा माझ्यावर रागावला असता तरी बरं झालं असतं. आणखी एक सांगतो, वहिनींवर चिडू नकोस. तू टेप भंगारात टाकायला सांगितलास, तो त्यांनी टाकला नाही. गव्हाच्या कोठीमागे ठेवला आहे. काल मला विचारत होत्या, "हिलालभाऊ, देऊ का टाकून?" मी म्हटलं, हात लावू नका.

आता ज्यासाठी एवढा कागद भरला ते लिहितो. गाणं पूर्वीसारखं येणार नसेल तर नको, असं तू लिहिलंस. प्रेमराज, पूर्वी तरी ते सगळं कुठे आलं होतं? ते अर्धंच आपल्यापर्यंत आलं, उंदरांनी खाल्लेल्या टेपमधून, आणि त्या अर्ध्यावर तू आजवर जगलास. यंत्र बसलं तर जे येईल ते पत्र्यासारखं असेल, मोडकं असेल, मी खोटं सांगत नाही. जे येणार नाही ते तुझ्यात आधीच आहे, ते कुठल्याही तापानं नेलेलं नाही. आणि त्या चौथ्या गाण्यातली आपली जागा, तिथे तर ऐकायचं काही नव्हतंच. तिथे आपण होतो. ती तुला आजही, या क्षणीसुद्धा, जशीच्या तशी ऐकू येते आहे. मी परवा ती एकट्यानं भरून पाहिली. ओळ सोडली आणि थांबलो, उचलायला कुणी नव्हतं. म्हणून मागतो आहे, देवाकडे मागता आलं नाही ते तुझ्याकडे. वहिनींना सांग की तारीख परत घ्या. तोंडानं सांग, पाटीवर नको. नाशिकला मी बरोबर येईन. आणि ज्या दिवशी डॉक्टर यंत्र सुरू करतील, त्यानंतर तो कोठीमागचा टेप मी तुझ्यासमोर ठेवीन, बादली उपडी घालीन. तुला गिटार कळली नाही तर नको कळू दे, ठोका कळला नाही तर माझ्या हातांकडे बघ. जागा आली की मी बोट वर करीन. तुझा आवाज तुला कसा वाटतो याची काळजी करू नकोस, मला तो नीट ऐकू येतो. तू फक्त म्हण.

तुझाच,
बादलीवाला
हिलाल